पावणेदहाचा बर्फ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

नाव तुम्ही लिहिलेलं नाही, खाली फक्त ‘मिसिसागाहून एक आई’ एवढंच आहे. वयाने कदाचित लहानही असाल, पण ज्या अधिकाराने माझा कान धरलात त्यावरून ताईच म्हणते.

उत्तराला बारा दिवस लावले. त्यातले पहिले चार रागात गेले. पाचव्या दिवशी नवऱ्याला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली, तर तो म्हणाला, “बरोबरच बोलताहेत की त्या.” मग पुढचे दोन दिवस त्याच्यावर राग.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझी बारा वर्षांची लेक यंदा इथे कॅनडात मुलांच्या आइस हॉकी संघात खेळते, सतरा जणांत ती एकटीच मुलगी, असं मी मागच्या लेखात कौतुकाने लिहिलं होतं, आणि जाता जाता लडाखच्या आइस हॉकी खेळणाऱ्या मुलींचाही उल्लेख केला होता. त्यावर या ताईंचं म्हणणं असं : “‘ती आता मुलांमध्ये खेळते’ हे तुम्ही ‘ती आता वरच्या वर्गात गेली’ अशा थाटात लिहिलंय. म्हणजे मुलींचा संघ हा खालचा वर्ग. मी सहा वर्षं मुलींच्या संघाची मॅनेजर आहे. दरवर्षी आमच्या दोन-तीन चांगल्या खेळाडू तुमच्यासारखे पालक उचलून नेतात आणि वर मुलींच्या हॉकीला दर्जा नाही म्हणतात. चांगल्या मुलींनी थांबून आपला संघ उभा करावा. चेकिंगमध्ये मुलीला काही झालं तर? आणि लडाखच्या मुली तर तुम्ही वरून कोथिंबीर भुरभुरावी तशा टाकल्यात.”

कोथिंबीर वर्मी लागली. तिच्याकडे येतेच.

चेकिंगचं आधी उरकते, कारण तिथे माझी बाजू भक्कम आहे. तेरा वर्षांखालच्या गटात चेकिंगची, म्हणजे अंगावर धडक मारायची, परवानगी कुणालाच नाही, आणि हा नियम काही मुलींची दया येऊन केलेला नाही. अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना चेकिंगची मुभा होती, क्वेबेक प्रांतात नव्हती. दोन्हीकडच्या खेळाडूंची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अल्बर्टात मेंदूला मार बसण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. २०१३ मध्ये हॉकी कॅनडा या देशाच्या संघटनेने त्या वयोगटातून चेकिंग काढून टाकलं. म्हणजे वाचवलं ते मुलग्यांना. आणि मुलींचा खेळ अगदी अहिंसक असतो असंही नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं! १९९० मध्ये ऑटावाला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा चेकिंगला परवानगी होती. कॅनडाच्या बायका त्या स्पर्धेत गुलाबी जर्सी घालून खेळल्या होत्या. बर्फावर एकमेकींना फळीवर आपटायचं आणि अंगात कपडे बारशाचे, हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल कोण जाणे. जिंकल्या मात्र त्याच, अमेरिकेला ५–२ ने हरवून. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांतून चेकिंग गेलं.

आता चांगल्या मुली उचलून नेण्याचा तुमचा आरोप. यावरच मी अडकले. कारण हेच म्हणणं चाळीसेक वर्षांपूर्वी कोर्टात मांडलं गेलंय, आणि मांडणाऱ्या बायकाच होत्या.

१९८५ ची गोष्ट. टोरांटोतली जस्टिन ब्लेनी बारा वर्षांची होती, म्हणजे माझ्या लेकीएवढी. मुलांच्या संघाच्या ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, गेली आणि खेळाच्या जोरावर निवडली गेली. भाऊही हॉकी खेळायचा, तेव्हा मुलांच्या लीगमध्ये सामने किती, सराव किती, हे ती घरातच बघत होती. ओंटारियोच्या हॉकी संघटनेने तिची नोंदणी नाकारली. मानवी हक्क कायद्याखाली दाद मागायची, तर त्या कायद्यातच कलम निघालं की खेळात लिंगावरून भेद केला तरी चालतो! म्हणजे आधी कायद्याशीच भांडण आलं. १९८६ मध्ये ओंटारियोच्या अपील कोर्टाने ते कलम घटनेच्या हक्कांविरुद्ध ठरवून उडवलं आणि सुप्रीम कोर्टाने त्यावरचं अपील ऐकायला नकार दिला. तरी गाडी थांबली होती तिथेच. पुन्हा मानवी हक्कांच्या चौकशी मंडळापुढे सुनावण्या. १९८७ संपता संपता निकाल तिच्या बाजूने लागला, आणि ती मुलांच्या संघातून बर्फावर उतरली तेव्हा १९८८ उजाडलं होतं. तोवर तिचे जवळजवळ तीन हिवाळे गेले. (पुढे ती कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठ-मणक्यावर उपचार करणारी, झाली आणि आमच्या ब्रॅम्प्टनमध्येच दवाखाना थाटला. नवऱ्याची कंबर धरली की मला दर वेळी आठवण होते.)

ही गोष्ट मी लेकीला अनेकदा सांगितलीय. सांगताना एक भाग नेहमी गाळला. ब्लेनीच्या विरोधात ओंटारियोची महिला हॉकी संघटनाही उभी होती. संघटना १९७५ ची, म्हणजे जेमतेम दहा वर्षांची. त्या बायकांचं म्हणणं सरळ होतं : मुली मुलांकडे जाऊ लागल्या तर उद्या मुलगे मुलींच्या संघात शिरतील, चांगल्या खेळाडू आम्हाला सोडून जातील आणि एवढ्या कष्टाने उभी केलेली लीग बसेल. गोष्टीत खलनायक म्हणून टाय लावलेले हॉकीवाले पुरुष फार सोयीचे पडतात, म्हणून मी या बायकांना गोष्टीत येऊच दिलं नाही. तुमची प्रतिक्रिया वाचताना वाटलं, त्यांच्यातलीच कुणीतरी चाळीस वर्षांनी मला जाब विचारतेय.

लीग काही बसली नाही, हे खरं. १९९० च्या सुमाराला कॅनडात नोंदणी केलेल्या मुली-बायका आठ हजारांच्या आसपास होत्या, पुढच्या वीसेक वर्षांत त्या ऐंशी हजारांवर गेल्या. याचं श्रेय एकट्या ब्लेनीला देणं बरोबर होणार नाही. १९९८ मध्ये नागानोला महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा घराघरांतल्या मुलींनी ती टीव्हीवर बघितली, आणि तुमच्यासारख्या बायका पहाटे पाचला अरीनात जाऊन उभ्या राहिल्या, हे सगळं त्यात आलं. पण मुलींना दार उघडल्यामुळे मुलींची हॉकी बुडाली, असं झालं नाही.

‘वरच्या वर्गात गेली’ या मुद्द्यावर मात्र हरले. मॅनन रेओम या गोलरक्षिकेचंच बघा. १९९२ मध्ये टँपा बे संघाकडून एनएचएलच्या, म्हणजे पुरुषांच्या बड्या व्यावसायिक लीगच्या, एका सराव-सामन्यात ती एक पिरियड गोलमध्ये उभी राहिली, नऊ फटक्यांतले सात अडवले. आजही तिचं नाव निघालं की लोक ती वीस मिनिटं सांगतात. कॅनडासाठी जिंकलेली दोन जागतिक सुवर्णपदकं आणि नागानोचं रौप्य विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मीही लेकीच्या बाबतीत तेच केलं. तीन वर्षं ती मुलींच्या संघात बचाव खेळली, त्यावर माझ्या ब्लॉगवर एक ओळ नाही. मुलांमध्ये गेली आणि दीड हजार शब्दांचा लेख.

आणि आता जे मागच्या लेखात लिहिलंच नाही, ते. ती मुलांच्या संघात गेली याचं खरं कारण दर्जा नव्हतंच. आमच्या भागातल्या मुलींच्या संघाच्या सरावाला बर्फ मिळाला होता मंगळवारी रात्री पावणेदहाचा, तोही चाळीस मिनिटांवरच्या रिंकमध्ये. घरी येऊन, अंघोळ करून झोपायला साडेबारा, आणि सकाळी आठला शाळेची बस. मुलांच्या संघाचा सराव घरापासून सात मिनिटांवर, संध्याकाळी सहाला. गणित एवढंच. ‘तिने ट्रायआउटला मुलग्यांना मागे टाकलं’ हे वाक्य खोटं नव्हतं, पण चौघांना मागे टाकलं आणि दहाएक जण तिच्या पुढे आहेत, हे मी गिळलं.

हे लिहायची लाज का वाटली, यावर विचार करताना मी थेट सोलापुरात जाऊन पोचले. शाळेत मी खो-खो खेळायचे. मैदान एकच. संध्याकाळी पाचनंतर ते मुलांचं, आम्हाला दुपारची मधली सुट्टी. मार्चमधलं साडेबाराचं ऊन, अनवाणी पाय, आणि खांबाला हात लावला की चटका. कारण विचारलं तर ‘मुलींना घरी जायला उशीर नको’. कुणी दुष्टपणा करत नव्हतं, काळजीपोटीच चाललं होतं सगळं. बर्फ तेव्हा फक्त रसवंतीत बघायचा, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा. तर अशा दुपारी काढलेली मी, लेकीला पावणेदहाचा बर्फ मिळाला तेव्हा ‘असं का?’ म्हणून एक ईमेलही न लिहिता गुपचूप सहाच्या बर्फाकडे निघून गेले. इथले बरेचसे रिंक नगरपालिकांचे. जुन्या क्लबांच्या वेळा वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच चालत आलेल्या असतात आणि नंतर आलेल्या मुलींच्या संघांना उरलेसुरले तास मिळतात. २००९ मध्ये टोरांटोत यावरून बराच गाजावाजा झाला आणि शहराला लक्ष घालावं लागलं. म्हणजे भांडलं की हलतं. भांडायचं मी तुमच्यावर सोडून आले. हा तुमचा राग मला मान्य आहे.

पण ‘चांगल्या मुलींनी थांबून आपला संघ उभा करावा’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. संघ उभा करणं हे तुमचं-माझं काम. बारा वर्षांच्या पोरीला आवडेल तिथे, जवळ पडेल तिथे खेळू द्यावं. चळवळीचं ओझं तिच्या किट-बॅगेत कशाला? ती बॅग आधीच तिच्याहून मोठी आहे.

आणि तो ‘वरचा वर्ग’ आतून कसा असतो तेही सांगते. सुरुवातीच्या सामन्यांना एका अरीनात तिला कपडे बदलायला जी खोली दिली ती सामानाची कोठी होती. फरशी पुसायचे मॉप, मिठाच्या गोण्या, कोपऱ्यात तुटकी गोल-जाळी. उपड्या बादलीवर बसून ती स्केट्सच्या नाड्या आवळायची. भिंतीपलीकडे सोळा पोरांचा दंगा ऐकू यायचा, मग एकदम शांतता, म्हणजे कोच बोलायला लागले. काय बोलले ते हिला कधीच कळायचं नाही. एकदा संघ बर्फावर गेला आणि हिला हाक मारायची सगळेच विसरले. झँबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरून गेलेल्या ओल्या बर्फावर ती एकटीच मागून आली, वेणी हेल्मेटच्या बाहेर लोंबतेय, हातमोजा दातात धरलेला. पालकांच्या बाकावर मी कॉफीच्या कपाकडे बघत बसले. आता ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांनी टी-शर्ट आणि शॉर्ट्स अंगात ठेवूनच बाकीचं चढवायचं असा हॉकी कॅनडाचा नियम आहे, आणि आमच्या कोचनी तो मनावर घेतलाय. त्यामुळे ती हल्ली आतच बसते. पोरं चांगली आहेत. एकाने तिला स्टिकला टेप गुंडाळायची स्वतःची पद्धत शिकवली, तेव्हापासून ती मला हात लावू देत नाही.

आता कोथिंबीर. लडाखचा उल्लेख मी शोभेपुरताच केला होता, कबूल. तिकडच्या मुली सुरुवातीला मुलग्यांबरोबर खेळल्या तो काही निवडीचा प्रश्न नव्हता. गोठलेलं तळं, कसाबसा दोन महिन्यांचा हंगाम आणि उसनं साहित्य, त्यात वेगळा संघ कुठून येणार? २०१६ मध्ये भारताचा महिला संघ लोकवर्गणी करून पहिल्यांदा बाहेर खेळायला गेला. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४–३ हरवून पहिला विजय मिळवला, आणि २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनच्या आशिया चषकात कांस्यपदक. मधे २०१८ मध्ये कॅनडाची हेली विकनहायझर स्वतः लेहला जाऊन त्यांच्याबरोबर खेळून आली. ही तीच बाई, लहानपणी मुलांच्या संघात खेळलेली, २००३ मध्ये फिनलंडला पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये गोल केलेली, आणि चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मात्र बायकांच्या संघातून जिंकलेली. तिला तुमच्या बाजूने मोजायचं की माझ्या, ते मला ठरवता आलं नाही.

पुढच्या हंगामात आमची बाई पंधराखालच्या गटात जाईल. मुलांमध्ये त्या वयाला वरच्या पातळीवर चेकिंग सुरू होतं. पण ती त्याला घाबरून काही ठरवेल असं दिसत नाही. तिच्या भिंतीवर कॅनडाच्या महिला संघातल्या मारी-फिलिप पुलँचं २९ नंबरचं पोस्टर आहे आणि जुन्या संघातली एक मैत्रीण रोज मेसेज करून भंडावते. अजून तिने काही ठरवलेलं नाही. मी विचारलं की खांदे उडवते.

मराठी तिला वाचता येत नाही, समजतं. काल रात्री नवऱ्याने तुमची प्रतिक्रिया तिला सगळी वाचून दाखवली, माझी उडवलेली खिल्ली जरा जास्तच रंगवून. ती जमिनीवर बसून स्टिकला टेप लावत होती. सगळं ऐकून घेतलं, टेप दाताने तोडली आणि विचारलं, “त्यांची प्रॅक्टिस किती वाजता असते?”

तेवढं कळवा. ट्रायआउट एप्रिलमध्ये आहेत.