फोटो कुणाच्या घरी जातो?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा मी कोलोनमधल्या माझ्या स्टुडिओत एका आजोबांचा पासपोर्ट फोटो काढत होतो. (मे २०२५ पासून जर्मनीत पासपोर्टला कागदी फोटो चालत नाही, डिजिटलच द्यावा लागतो. आमच्या धंद्याचं त्यानं काय झालं ते रडगाणं पुन्हा कधीतरी.) खिशात फोन थरथरत होता. सीना म्हणजे आम्हा सोलापूरकरांच्या लेखी उन्हाळ्यात कोरड्या पायांनी ओलांडायची नदी. तीच माढ्यात, मोहोळात घरादारांत शिरली होती आणि विजयपूरचा रस्ता पाण्याखाली होता.

आठवडाभरात विषय बदलला. मदतीच्या किटवर नेत्यांचे फोटो छापले, यावरून गदारोळ सुरू झाला. एक बाजू म्हणे, माणसं बुडताहेत आणि हे जाहिरात करताहेत. दुसरी म्हणे, देतोय ते बघा, फोटो काय बघता?

मी पहिल्या बाजूचाच. पण तावातावानं काही लिहिण्याआधी स्वतःचा व्हॉट्सॲप चाळला आणि गप्प झालो. इथल्या पंधरा-वीस मराठी घरांनी पैसे जमवून माझ्या चुलतभावाकडे पाठवले होते. पैसे पोचल्यावर ग्रुपवर पहिला मेसेज माझा होता : "वाटपाचे फोटो टाक रे." त्याचं उत्तर आलं, "दादा, काढायलोय की. पण बाया पदर तोंडावर घ्यायल्यात."

किटवर चेहरा देणाऱ्याचा, आमच्या ग्रुपवर चेहरा घेणारीचा. तिला दोन्हीकडे कुणी विचारलं नव्हतं.

ग्रुपवरच्या एका काकांनी कोटणीसांचा दाखला दिला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांचे फोटो, पुतळे लागलेच ना? लागले. पण ते ज्यांची सेवा झाली त्यांनी लावले. डॉक्टर बँडेजवर स्वतःचा चेहरा छापून घेऊन गेले नव्हते.

इथं जर्मनीत या प्रश्नावर कायदा आहे, आणि त्याची गोष्ट फोटोग्राफरला लाज आणणारी आहे. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चॅन्सलर बिस्मार्क वारले त्या रात्री दोन फोटोग्राफर त्यांच्या खोलीत घुसले आणि प्रेताचा फोटो काढून विकायला निघाले. दोघं तुरुंगात गेले. त्या प्रकरणातूनच पुढे १९०७ चा कायदा आला : माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही, आणि तो वारला तर पुढची दहा वर्षं नातेवाइकांची संमती घ्यायची. बातमीपुरते अपवाद आहेत. शिवाय असहाय माणसाच्या असहायतेचं प्रदर्शन मांडणारा फोटो काढणं हा फौजदारी गुन्हा आहे. २०२१ पासून मृतांच्या फोटोंनाही तसंच कलम लागू झालं.

त्याच वर्षी, १४ जुलैच्या रात्री, आमच्याजवळच्या आर नदीला पूर आला. जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली. मी शनिवार-रविवार चिखल उपसायला जायचो, कॅमेरा घरी ठेवून. तिथं आपत्कालीन मदतीचं जे सरकारी दल आहे त्यातली जवळजवळ सगळी माणसं स्वयंसेवक असतात. आठवडाभर कुणी सुतार, कुणी बँकेत, आणि संकटाला निळा गणवेश. त्यांच्या गाडीवर कुणाचा फोटो नाही. पण इथले नेते फार शहाणे आहेत असं नका समजू. आमच्या राज्याचे मुख्यमंत्री आर्मिन लाशेट तेव्हा चॅन्सलरपदाचे उमेदवार होते. पूरग्रस्त गावात राष्ट्राध्यक्ष बोलत असताना ते मागे हसताना कॅमेऱ्यात सापडले. पुढे सप्टेंबरात त्यांचा पक्ष हरला. कारणं बरीच होती, पण ते हसू लोक विसरले नाहीत.

तिथंच एका आजींनी माझ्यापुढे चिखलाचा एक गोळा धरला. अल्बम होता. माझ्या हाताला लगेच कळलं काय करायचं ते, कारण हे काम मी आधी पाहिलं होतं.

३० सप्टेंबर १९९३. रात्री उशिरापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुकांचे फोटो काढून माझे काका आणि मी सोलापूरच्या स्टुडिओतच आडवे झालो होतो. पहाटे चारच्या आत जमीन हलली. किल्लारीचं नाव सकाळी कळलं. दहावीतला मी भाकरींच्या पोत्यांवर बसून ट्रकमधून उमरग्याकडे गेलो. पण माझ्या लक्षात राहिलंय ते पंधरा दिवसांनंतरचं. तिकडचा एक माणूस दुकानात आला. त्याच्या लग्नाची ऑर्डर काकांनी केली होती. घर बसलं होतं, बायको गेली होती, तिचा एकही फोटो उरला नव्हता. काकांनी माळ्यावरची खोकी उपसली. दोन दिवस निगेटिव्ह शोधत होतो आम्ही. सापडल्यावर काकांनी मोठा प्रिंट काढला, टचिंग माझ्याकडून करून घेतलं. त्या माणसानं फोटो शर्टाच्या खिशाला लावून पाहिला, मावेना. मग वर्तमानपत्रात गुंडाळून बनियनच्या आत घातला आणि एस.टी.ला गेला. पैशांचा विषय कुणी काढला नाही.

म्हणून "संकटात फोटोच नको" हे परदेशात बसून म्हणायला सोपं असलेलं मत मला पटत नाही. गावाकडे पंचनाम्याला फोटो लागतो. सडलेलं सोयाबीन हातात धरून शेतकरी उभा राहतो तो हौस म्हणून नाही. आणि हौसेचंच म्हणाल तर आपल्या माणसांना ती आहेच. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पडद्यासमोर नटूनथटून उभी राहणारी कुटुंबं पाहून मी हा धंदा शिकलो. जर्मन संकोचाचीही किंमत असते : आर नदीच्या पुराचे माझ्याकडे जे थोडे फोटो आहेत त्यांत पूल आहेत, उलट्या पडलेल्या मोटारी आहेत, माणूस एकही नाही. आजींना मी पोर्ट्रेटसाठी विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या, विषय संपला. पुढच्या वर्षी त्यांनीच फोन केला. नव्या भिंती फार मोकळ्या दिसतात म्हणाल्या.

ज्याचा फोटो, त्याच्या घरी तो जातो का, एवढंच मी विचारीन. वाटपाचा फोटो दात्याकडे जातो, पक्षाकडे जातो, आमच्या कोलोनच्या ग्रुपवर येतो. त्या बाईकडे जात नाही.

चुलतभावाला मी मग दुसरं काम सांगितलं. किटसोबत विचार, भिजलेले फोटो आहेत का. लोकांनी पिशव्या भरून आणून दिले. लग्नाच्या जाड पानांच्या करिझ्मा अल्बमच्या तर विटा झाल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर मी ओरडत होतो : ओढून सुटे करू नको बे, वरचा थर निघून येईल. गार स्वच्छ पाण्यात ठेव, आपोआप सुटू दे, सावलीत दोरीला लटकव. एका दिवसात होणार नसेल तर पिशवीत घालून गोठव, म्हणजे बुरशी धरणार नाही. त्यानं ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये कुल्फीशेजारी माढ्याची लग्नं ठेवली. इंकजेटचे प्रिंट गेले, त्यांची शाई पाण्यानं धुऊनच नेली. जुने, लॅबमधले, बरेच वाचले.

त्यातला एक माझ्याकडे स्कॅन होऊन आलाय. नवरी शाबूत आहे, नवऱ्याचा चेहरा विरघळलाय. मालक आता नाहीत. मतदान कार्डावरच्या नखाएवढ्या फोटोवरून तो चेहरा परत बसवतोय, रोज थोडा. पैसे घेणार नाही म्हटल्यावर बाईंनी एकच अट घातली, "कुठं टाकू नका मात्र."

तेव्हा या लेखासोबत तो फोटो नाही.