ड्रायव्हरची बाजू

मी तेहतीस वर्षे ‘बेस्ट’मध्ये नोकरी केली, एवढे एकच वाक्य माझ्या नातेवाइकांना माझ्याविषयी ठाऊक आहे आणि त्यावरून मी बसगाड्यांचा गाढा जाणकार असलो पाहिजे, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. वस्तुतः मी वीजपुरवठा विभागात बिलांच्या तक्रारी पाहत असे. १९०५ साली वीज आणि ट्राम हे दोन धंदे एकाच कंपनीच्या गळ्यात बांधणाऱ्या इंग्रजांना याची कल्पना नसावी की, त्यापायी शंभराहून अधिक वर्षांनी दादरच्या एका निवृत्त कारकुनावर अमेरिकेतील बर्फ ढकलणाऱ्या ट्रकचा पुढचा ॲक्सल निवडण्याची पाळी येईल.

ट्रक माझ्या भाच्याचा. तो बफेलोला राहतो. एरी सरोवरावरून येणारे थंड वारे वाटेत पाण्याची वाफ उचलतात आणि त्या गावावर बर्फ म्हणून ओततात. हा बर्फ हटवून हिवाळ्यात चार पैसे मिळवावेत, या हेतूने भाच्याने १९८९ सालची फोर्ड एफ-२५० घेतली आणि तिच्या तोंडाशी सुमारे साडेतीनशे किलोचे पोलादी पाते बसवले. दुसऱ्याच हिवाळ्यात पुढची चाके वरच्या बाजूने आत कलली आणि टायर आतून झिजू लागले. ताईचा फोन आला, “अरे, तू बेस्टमध्ये होतास ना?”

त्या गाडीचा मूळ ॲक्सल एकसंध नसून दोन स्वतंत्र तुळयांचा आहे. खड्ड्यांतून जाताना हा प्रकार सुखावह असेलही (आणि आमच्या रस्त्यांसाठी तो वाईट नाही, असे मला राहून राहून वाटले), परंतु पाते ॲक्सलच्या बरेच पुढे लोंबत असल्यामुळे ते उचलले की तरफेच्या न्यायाने पुढच्या ॲक्सलवर पात्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही अधिक भार येतो आणि त्या तुळयांची बैठक बिघडते. भाच्याने उपाय आधीच शोधला होता: त्याच काळातील एफ-३५०चा डॅना ६० हा एकसंध ॲक्सल, त्याच्या पाट्यांच्या स्प्रिंगांसह. माझे काम फक्त निवडण्याचे होते. ‘फक्त’ हा शब्द ताईचा.

रोज सकाळी सात वाजता, म्हणजे तिकडच्या रात्री, भंगारातील गंजलेल्या लोखंडाची छायाचित्रे माझ्या फोनवर येऊन पडू लागली. पहिली अडचण दातांची. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या दातांचे प्रमाण सारखे नसेल, तर चारही चाकांना जोर दिल्यावर पुढचा ॲक्सल एक म्हणतो, मागचा दुसरे म्हणतो आणि भांडण मधल्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही ॲक्सलना वाटून देणाऱ्या पेटीत, मिटवले जाते, तेही दात मोडून. भाच्याच्या मागच्या ॲक्सलचे प्रमाण ३.५५ होते आणि समोर येणारे डॅना ६० मात्र ३.५४ चे. एका पैशाच्या फरकासाठी ग्राहकाचे खाते तीन-तीनदा तपासलेल्या माणसाने हे कसे सोडावे? मी ते सगळे नामंजूर केले. कारखान्यातूनच गाड्या अशा जोडीने निघत असत आणि एवढा फरक चालतो, हे भाच्याने मला तीन दिवस समजावले. मी अखेर मान्य केले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरी अडचण बाजूची. भाच्याने बजावले होते की, ॲक्सलवरचा डिफरेन्शियलचा, म्हणजे ती दातेरी चाके ज्यात असतात तो, फुगीर गोळा ड्रायव्हरच्या बाजूलाच हवा, कारण ट्रान्सफर केसमधून येणारा दांडा त्याच बाजूला उतरतो. त्यानुसार मी फोर्डचे तीन ॲक्सल बाद केले, त्यांतले दोन लगोलग विकले गेले आणि शेवरोलेच्या ट्रकखालून काढलेला एक सुंदर ॲक्सल मी निवडला. रविवारी भाचा तो आणायला निघणार होता.

शनिवारी, केवळ स्वतःच्या समाधानासाठी, मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. जुन्या सुट्या भागांच्या त्या बाजारात ओळखीचे एक वयोवृद्ध मिस्त्री बसतात. त्यांनी छायाचित्र लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले आणि विचारले, “साहेब, अमेरिकेत ड्रायव्हर कुठल्या अंगाला बसतो?”

मी गप्प झालो. दोन आठवडे मी प्रत्येक ॲक्सलवर मनातल्या मनात मुंबईचा ड्रायव्हर बसवून, उजवीकडे गोळा असलेले ॲक्सल मोठ्या चोखंदळपणे निवडत आलो होतो. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. तरी मी बाजारातूनच फोन लावला. “मामा,” भाचा झोपेतच म्हणाला, “मला शंका आली होती, पण म्हटलं, तुम्ही बेस्टमधले, काहीतरी विचार असेल.”

उरलेला तिसरा फोर्डचा ॲक्सल १९९० सालचा, किंगपिनवर, म्हणजे चाक ज्याभोवती वळते त्या उभ्या जाड खिळीवर, वळणारा होता. १९९२ पासूनच्या ॲक्सलांत किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट, म्हणजे गोळी-वाटीचे सांधे, आले. किंगपिन हा शब्द ऐकताच मिस्त्रींचा चेहरा उजळला, कारण आपल्या ट्रकांची पुढची चाके किंगपिनवरच वळतात आणि त्यांचे निम्मे आयुष्य त्या ठोकून काढण्यात गेले आहे. “हाच घ्यायला सांगा. ग्रीस मारत राहिला, तर नातवापर्यंत चालेल.” भाच्याला अद्याप मुलगाही नाही, परंतु व्यवहार झाला.

जानेवारीत चित्रफीत आली. ट्रक बर्फ लोटत होता आणि चाके सरळ उभी होती. मी ती मिस्त्रींना दाखवायला मुद्दाम कुर्ल्याला गेलो. त्यांनी ती दोनदा पाहिली.

“हे लोटलेलं नेतात कुठं?”

“रस्त्याच्या कडेला रचून ठेवतात.”

“मग?”

“ऊन पडले की वितळून पुन्हा रस्त्यावर येते आणि रात्री गोठते.”

“म्हणजे आपली नालेसफाईच की,” असे म्हणून मिस्त्रींनी फोन मला परत दिला आणि ग्रीसचा डबा पुढे ओढला.