ठकू, शिरा आणि माझा मोजा

आमच्या घरातला कर्ता कोण, हा प्रश्न नऊ वर्षांपूर्वी ठकू आली त्याच आठवड्यात निकालात निघाला. काळी-पांढरी, साडेचार किलो, चालताना पोट डावीकडे-उजवीकडे हलतं. सकाळी वॉशिंग मशिनवर, दुपारी फ्रिजवर आणि रात्री माझ्या उशीवर, अशा तिच्या जागा ठरलेल्या. उशीची जी कड उरते तिच्यावर मी मान टेकवतो. नऊ वर्षं हे सुरळीत चाललं होतं. कुणाची तक्रार नव्हती, म्हणजे ठकूची नव्हती.

जुलैतल्या एका रात्री डोंबिवलीत धो धो पाऊस पडत होता. मुलगी खाली पार्किंगमध्ये गेली आणि फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी घेऊन वर आली. एका गाडीच्या बॉनेटमधून वॉचमनकाकांनी काढलेला मूठभर ओला गोळा. पुसून कोरडा केला तेव्हा सत्यनारायणाच्या प्रसादाचा रंग निघाला. मुलीनं तिथंच नाव ठेवलं, शिरा. आई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, “बरोबर आहे. कुणी ‘या, शिरा’ म्हटलं नाही तरी शिरलाच.” मग तिनं, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, त्यातलं आपलं हे कितवं, अशी चौकशीही केली. उत्तर द्यायला त्याची आई हजर नव्हती.

इथं मी आयुष्यातली एक ठळक चूक केली. शिऱ्याला तळहातावर घेऊन थेट ठकूच्या नाकासमोर धरला आणि गोड आवाजात म्हणालो, “ठकू, बघ कोण आलंय!”

ठकूनं बघितलं. कान मागे गेले, शेपटीची बाटली घासायचा ब्रश झाला, आणि प्रेशर कुकरची शिट्टी निघण्याआधी जो आवाज होतो तो तिच्या घशातून आला. पुढच्या क्षणी ती ओट्यावरून माळ्यावर होती. वाटेत कैरीच्या लोणच्याची बरणी होती, ती राहिली नाही. शिरा मात्र माझ्या हातात घुर्र घुर्र करत होता. आपलं स्वागत दणक्यात झालं असा त्याचा समज झाला असावा.

ठकू बावीस तास माळ्यावर राहिली. बुधवारची मांदेली तळली तरी खाली आली नाही, तेव्हा बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती ठकूच्या नजरेहून फार वेगळी नव्हती.

डॉक्टरांनी शिऱ्याला काट्यावर ठेवलं. ६४० ग्रॅम. डोळ्यांतला निळेपणा ओसरायला लागलाय, म्हणजे सहा-सात आठवड्यांचा. “गाईचं दूध वगैरे नाही ना दिलंत?” छे, असं मी म्हणालो, आणि शिऱ्यानं मला तिथल्या तिथं, डॉक्टरांच्या टेबलावर, खोटं पाडलं. टेबल पुसून झाल्यावर त्यांनी दोघांना समोरासमोर आणल्याचा वृत्तान्त ऐकला आणि चष्मा काढला. “तुमच्या घरी उद्या कुणी अनोळखी माणूस आणून तुमच्या गादीवर बसवला तर? आधी वास, मग आवाज, मग दर्शन. निदान दोन आठवडे वेगळी खोली. लशी व्हायच्यात, अंगात काय घेऊन आलाय माहीत नाही. आणि लिटरचे ट्रे किती? मांजरं जितकी, त्याहून एक जास्त.”

म्हणजे तीन. आम्ही चार माणसं एका संडासावर वीस वर्षं काढतोय.

वेगळी खोली म्हणजे आतली बेडरूम, जिथं मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो. त्या दोन दिवसांचं एवढंच सांगतो की एका मीटिंगमध्ये साहेबांनी “यावर कुणाचं काही मत?” असं विचारलं आणि मत शिऱ्यानं दिलं.

खरी गंमत मोज्याची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक स्वच्छ मोजा घ्या, पिल्लाच्या गालांवरून फिरवा आणि मोठीच्या वाटीजवळ ठेवा. मांजराची ओळख गालाच्या वासात असते, म्हणून तर ती दाराच्या चौकटीला आणि आपल्या पोटरीला गाल घासत फिरतात. स्वच्छ हा शब्द माझ्याकडून निसटला. मी पायातलाच काढला.

आईनं पदर नाकाला लावला. “आज एकादशी आहे, आणि हा स्वयंपाकघरात मोजा घेऊन येतोय! तोही ताटलीशेजारी!”

ठकू आली. मोज्याभोवती एक फेरी मारली, नाक टेकवलं आणि मग वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, डोळे कुठंतरी दूर लावून पुतळ्यासारखी उभी राहिली. “बघ, तिलाही मळमळतंय,” आई म्हणाली. मुलीनं समजावलं की मांजराच्या टाळूत, पुढच्या दातांमागे, वास घ्यायचं एक जादा इंद्रिय असतं, आणि ठकू तोंडानं वास आत ओढून त्याची छाननी करतेय. असेल. पण त्या चेहऱ्यातला तिरस्कार शिऱ्याच्या वाट्याचा किती आणि माझ्या वाट्याचा किती, याची फोड मला अजून करता आलेली नाही.

छाननीनंतर तिनं मोजा पंजानं ओढत नेला आणि पाण्याच्या वाटीत बुडवला.

पाचव्या दिवसापासून बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. आधी दारापासून सहा फुटांवर, मग रोज थोडं थोडं जवळ. मुलीनं कंपासपेटीतली पट्टी काढली आणि कॅलेंडरमागे तक्ता मांडला. ठकू एक घास खायची, दाराकडे बघून गुरगुरायची, पुन्हा एक घास. गुरगुरण्यात भरपूर ताकद जात असावी, कारण या काळात तिचा खुराक वाढला. बाराव्या दिवशी वाटी दाराला टेकली, आणि फटीतून एक केशरी पंजा बाहेर आला. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, एक दाणा उचलला आणि आत गेला. ठकू घास तोंडात तसाच ठेवून त्या फटीकडे बघत राहिली. मारलं नाही. आई मागून हळूच म्हणाली, “चोरटा आहे मेला,” आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं एकाऐवजी दोन दाणे पडायला लागले. कोण टाकतं हे मी विचारलं नाही.

मग दर्शन. दाराच्या चौकटीत मच्छरदाणीचं कापड ताणून चिकटपट्टीनं बसवलं. डॉक्टरांची कल्पना अशी की दोघं जाळीतून एकमेकांना शांतपणे बघतील. शिरा शांतपणे जाळी चढला. चौकटीच्या अर्ध्यावर गेल्यावर त्याला खाली बघायची बुद्धी झाली, आणि चिकटपट्टी, जाळी, शिरा असं सगळं मिळून ठकूच्या पुढ्यात येऊन पडलं. भेटीची तारीख अशी आमच्याऐवजी चिकटपट्टीनं ठरवली. एकोणिसावा दिवस.

ठकूनं फिस्कारलं आणि सणसणीत एक ठेवून दिली. मी टॉवेल घेऊन धावलो, तर बायकोनं हात धरला. “नखं आत होती. बघ नीट.” खरंच आत होती. शिऱ्यानं डोकं झटकलं, दोन पावलं मागे सरकून बसला आणि आपल्याला याचसाठी बोलावलं होतं अशा थाटात स्वतःची मांडी चाटायला लागला. ठकूनं थोडा वेळ ते पाहिलं आणि तिनंही आपली चाटायला घेतली. दोघं मोठ्या गंभीरपणे, एकमेकांकडे पाठ करून.

पुढचे दोन आठवडे थप्पड दिवसाला सातवरून दोनवर आली (तक्ता चालूच होता). पाचव्या आठवड्यात सोफ्याच्या एका टोकाला ठकू, दुसऱ्या टोकाला शिरा आणि मध्ये आई, अशी मांडणी मालिकेच्या वेळेला स्थिर झाली. मी फोटो काढून नात्यातल्या ग्रुपवर टाकला. टाकायला नको होता.

कारण दुसऱ्याच दिवशी शिऱ्याचा दुसरा डोस होता. ऑफिसातून आल्या आल्या त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. अर्ध्या तासाचं काम. घरी येऊन पेटीचं दार उघडलं, शिरा बाहेर आला आणि शेपटी उभी करून सरळ ठकूकडे निघाला. ठकू पुढे आली. त्याच्या मानेला नाक लावलं. मानेला स्पिरिटचा वास, रबरी हातमोज्यांचा वास, आमच्या आधी टेबलावर बसलेल्या कुठल्यातरी पॉमेरेनियनचा वास. शिऱ्याचा तेवढा नव्हता.

कान मागे. ब्रश. कुकर. ठकू फ्रिजवर.

मी पेटी हातात धरून दारातच उभा राहिलो. आईनं मालिकेचा आवाज बारीक केला.

“बघतोस काय? मोजा काढ.”

“आणतो धुतलेला.”

“धुतलेला नको,” आई म्हणाली. “पायातला.”