उणे वीस चालेल, शून्य नको

कॅनडातल्या ओटावात नव्याने आलेल्या माणसाला सगळे थंडीची भीती घालतात. मला विचाराल तर उणे वीस फार सज्जन. नाक गळून पडेल असं वाटतं खरं, पण पायाखालचा कोरडा बर्फ कुरकुर वाजत पकड देतो आणि माणूस ताठ मानेने बसस्टॉपवर पोचतो.

खरा दगाबाज शून्य. दुपारी एक-दोन अंश, की फुटपाथवर पाणीच पाणी. रात्री उणे पाच, की त्याच पाण्याची काच. हे खेळ मुख्यत्वे मार्चचे. हवामान तापतंय तसे ते भर जानेवारीतही रंगू लागलेत. "तिकडची थंडी कमी झाली म्हणे? बरं झालं बाई!" आई साताऱ्याहून म्हणते. थंडी कमी झाली म्हणूनच माझी कंबर धरलीय, हे तिला कसं पटवायचं?

त्यातून गोठणारा पाऊस आला की विचारूच नका. वर उबदार हवेचा थर, त्यात हिम वितळून पाऊस होतो. जमिनीलगत मात्र हवा शून्याखाली, त्यामुळे थेंब टेकला की गोठला. रेलिंग, फांद्या, मोटारीचं दार, सगळं पाकातल्या चिरोट्यासारखं चकचकीत. मीठ टाकावं तर पाऊस ते धुऊन नेतो. कडाक्याच्या थंडीत मीठच हात टेकतं, मग खडी पसरतात. पावसाने न नेलेलं मीठ माझ्या पँटच्या घोळावर सापडतं.

पेंग्विनसारखं चाला, असा इथला सरकारमान्य सल्ला आहे. पावलं फाकवून, छोटी छोटी टाकत, हात खिशाबाहेर. मी तशी डुलत निघाले की शेजारच्या ऐंशीच्या आजी बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून टकटक करत पुढे निघून जातात, वर हसून 'गुड मॉर्निंग'! मीही पट्टे आणले. ताणून बुटावर चढवताना एक टाचेवरून सटकला आणि थेट आमच्या लग्नाच्या फोटोवर बसला. नवऱ्याच्या बाजूला. शिवाय दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर हेच खिळे घसरतात, म्हणून दारात काढा, दारात घाला.

आणि जिथे घसरायला लोक हौसेने येतात, तिथे एका हिवाळ्यात पुरेसा बर्फच नव्हता! इथला रिडो कालवा गोठला की त्यावर ७.८ किलोमीटरचं स्केटिंग चालतं, १९७० पासूनची प्रथा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झाला नाही आणि कालवा अख्खा मोसम बंद राहिला. असं पहिल्यांदाच घडलं. म्हणजे त्या हिवाळ्यात स्केटिंगला कालवा नाही, आणि दूध आणायच्या वाटेवर फुकट रिंक.

"मग दूध आणायला स्केट्स घालूनच जा की," नवरा म्हणाला.

हल्ली तो कोरा चहा पितो.