वर, अजून वर, त्याच्याही वर

टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम द्यायच्या खिडकीत, पूर्वी चालवलेली कमांड पुन्हा हवी झाली, की शहाणासुरता माणूसही ती आठवत बसत नाही, नव्याने लिहीत नाही आणि रीतसर शोधतही नाही. तो वरच्या बाणाची कळ दाबायला लागतो; दर दाबाला त्याआधीची एक कमांड समोर येते. ‘आत्ताच तर चालवली होती, इथेच वर असेल’ ही त्यामागची श्रद्धा असते. कोल्हापुरात पत्ता विचारल्यावर मिळणारे ‘हितंच हाय, जरा फुडं’ हे उत्तर ज्याने पायी पडताळून पाहिले आहे, त्याला या ‘इथेच’ची लांबी वेगळी सांगायला नको.

उद्यमनगरातल्या आमच्या लहानशा ऑफिसातून आम्ही काही फौंड्र्यांचे सर्व्हर सांभाळतो. महिनाअखेरीला शिरोली एमआयडीसीतून फोन येतो, “सर, गाडी गेटवर हाय आणि बिलं निघंनात,” आणि मला नेमकी ती एक कमांड लागते, जी कालच्या बॅकअपमधून बिलांचा तेवढाच डेटा उचलून जागच्या जागी बसवते आणि जिच्यातले पर्याय पाठ असल्याचा दावा मी कधीही केलेला नाही. “झालंच बघा,” असे सांगून मी बाण दाबू लागतो. वर येते ती फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’. तिच्यावर फोल्डर बदलणारी ‘सीडी’, तिच्यावर पुन्हा ‘एलएस’, त्यावर घाईत उलटा पडलेला ‘एसएल’. बॅश हा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, १९८९ सालचा आहे, आणि तो चुकलेली कमांडही बरोबर आलेल्या कमांडइतक्याच इमानाने टिपून ठेवतो. ही नोंद म्हणजेच हिस्टरी. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात तिच्यासाठी चालू सत्रात १००० आणि फाइलमध्ये २००० ओळींची सोय असते; त्यातल्या बहुतेक ओळी ‘आपण आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहोत’ या एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्ची पडलेल्या असतात.

शेजारच्या टेबलावरच्या पोराला हे बघवत नाही. “कंट्रोल-आर मारा की सर,” असे तो माझ्याकडे न बघताच म्हणतो. सल्ला बरोबर आहे. कंट्रोल-आर दाबून कमांडमधली कुठलीही चार अक्षरे लिहिली, की ती जिच्यात आहेत अशी सर्वांत अलीकडची ओळ समोर येते आणि पुन्हा कंट्रोल-आर दाबले की त्याआधीची. अडचण एवढीच, की बोटांना तोवर बाणाचा वेग लागलेला असतो. हवी ती कमांड क्षणभर दिसते आणि ‘अरे, हीच!’ असे मनात येईपर्यंत बोट पुढचा दाब देऊन मोकळे झालेले असते. आता उलट दिशेला येण्यासाठी कंट्रोल-एस आहे, असे माहितीपुस्तिका सांगते. ते दाबावे, तर पडदा जागीच गोठतो. जुन्या टर्मिनलांच्या काळापासून कंट्रोल-एसचा अर्थ ‘थांब, पुढचे पाठवू नकोस’ असा ठरलेला आहे आणि तो शेलपर्यंत पोचण्याआधीच टर्मिनल तो पाळते. मग माणूस एंटर बडवतो, स्पेस बडवतो, तोंडाने कळफलकाला कोल्हापुरी भाषेत दोन शब्द ऐकवतो. कंट्रोल-क्यू दाबल्यावर पडदा सुटतो खरा, पण मधल्या काळात बडवलेले सगळे काही ओळीने उमटते. टर्मिनलच्या सवयी ठरवणाऱ्या ‘एसटीटीवाय’ या कमांडला ‘उणे आयएक्सऑन’ सांगितले, तर ही आडकाठी त्या सत्रापुरती निघते; पण हे ज्ञान गोठलेल्या पडद्यासमोर आठवून काय उपयोग?

उद्गारचिन्हांचा मार्गही आहे. दोन उद्गारचिन्हे म्हणजे मागची कमांड जशीच्या तशी, आणि एका उद्गारचिन्हामागोमाग दोन अक्षरे म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारी शेवटची कमांड, तीही न विचारता, थेट. फाइली पुसणारी कमांड ज्यांच्या हिस्टरीत आहे, त्यांनी हे धाडस दुसऱ्याच्या मशीनवर करावे.

आणि तरीही ती कमांड सापडत नाही. कारण कधी असे असते, की ती दुसऱ्या खिडकीत चालवलेली असते आणि बॅश आपली नोंद फाइलमध्ये उतरवतो तो सत्र बंद होताना. त्याआधी वीज गेली, तर ती खिडकी सगळे पोटात घेऊन जाते. पण मला सर्वांत मोहक वाटते ते दुसरे कारण. उबंटूच्या ठरावीक मांडणीत सुरुवातीला मोकळी जागा असलेली कमांड हिस्टरीत जातच नाही. पासवर्डसारख्या गुप्त गोष्टींसाठी ही चांगली सोय आहे. मात्र कुणाच्या निरोपातून उचलून चिकटवलेल्या कमांडपुढे अशी एक जागा कधीकधी येते. म्हणजे ‘एसएल’ जपून ठेवलेले असते आणि ती दोन ओळींची कमांड गुपित समजून विसरली गेलेली असते.

यावर माझा तोडगा असा, की कमांडच्या शेवटी हॅशचे चिन्ह टाकून पुढे दोन शब्द लिहावेत. शेल ते वाचत नाही, हिस्टरी मात्र ठेवते, आणि कंट्रोल-आरला ते सापडतात. ‘शिरोली बिलं’ एवढे लिहिले, तरी पुढच्या महिन्यात गाडी गेटवरून सुटते. शेजारच्या पोराला ही युक्ती इतकी आवडली, की त्याने त्याच दिवसापासून आपल्या प्रत्येक कमांडच्या शेवटी ‘लई महत्त्वाचं’ असे लिहायला सुरुवात केली.