फोम फिल्टरला इंजिन ऑइल चोळायचा सल्ला कुठे कुठे चुकतो

गाड्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय : ‘कारचा कागदी एअर फिल्टर काढा, फोमचा बसवा. घरात उरलेलं इंजिन ऑइल भरपूर चोळा. जितकं तेल, तितकी धूळ अडते. मळला की पेट्रोलने धुवा. मायलेज वाढेल आणि पुन्हा फिल्टर विकत घ्यावा लागणार नाही.’ फोम मुळात वाईट नाही. मातीतल्या मोटोक्रॉस बाइकांना तोच लावतात, कारण धुऊन पुन्हा बसवता येतो. हा सल्ला मात्र ओळीओळीला चुकतो.

‘मायलेज वाढेल’ : पेट्रोल गाडीत किती हवा आत जाणार, हे थ्रॉटलची झडप ठरवते आणि हवेच्या मापाने पेट्रोल सुटतं. फिल्टर थोडा मोकळा झाला तर झडप किंचित कमी उघडावी लागेल, एवढंच. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून चाचण्या घेतल्या. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांचं मायलेज फारसं हललं नाही. पिकअप तेवढा मंदावला. तुंबलेल्या फिल्टरनेही जे पडत नाही, ते फोमने वाढणार कुठून?

‘इंजिन ऑइल चालतं’ : खरं नुकसान इथे होतं. फोमची छिद्रं बारीक धुळीपेक्षा कितीतरी मोठी असतात. हवा आत वळणं घेत जाते आणि धूळ तेलकट धाग्यांना चिकटते, म्हणून तेल जागचं हलता कामा नये. फोम फिल्टरच्या बऱ्याच तेलांत द्रावक असतं. त्यामुळे ते सगळीकडे पोचतं, मग द्रावक उडून चिकट थर उरतो. इंजिन ऑइल पातळच राहतं आणि बॉनेटखालच्या उष्णतेत ओघळतं. वरचा भाग कोरडा पडतो, खालचा चिंब होतो. कोरड्या भागातून गेलेली धूळ पिस्टन रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासते. कॉटनच्या फिल्टरचं तेलही पातळच, तेही नको.

‘जितकं तेल, तितकी धूळ अडते’ : जादा तेल हवेबरोबर आत ओढलं जातं. एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर त्याच्या तापलेल्या तारेवर ते बसतं, हवेचं माप चुकतं, आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) डगमगतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. एमएपी सेन्सरवाल्या (हवेचा दाब मोजणाऱ्या) गाड्या यातून वाचतात, पण थ्रॉटल बॉडी, म्हणजे झडपेचं घर, चिकट होतेच.

तेल लावायचं ते असं. फोम पूर्ण कोरडा हवा, ओल्या जागी तेल धरत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत फिल्टर घाला, दोन मोठे चमचे तेल ओता आणि पिशवी बाहेरून मळा. या तेलाला बहुधा रंग असतो. तो सगळीकडे सारखा दिसेपर्यंत थांबू नका. फिकट डाग राहिला तर तिथेच अर्धा चमचा. मग जुन्या सुती कापडात दाबून जादा तेल काढा. बोटाला चिकट लागावं, दाबल्यावर थेंब सुटू नये. रात्रभर ठेवा आणि मगच बसवा. (काही फोम तेलाशिवायच वापरायचे असतात, पाकीट आधी वाचा.)

‘पेट्रोलने धुवा’ : पेट्रोलने फोमचा गोंद सुटतो, आणि आगीचा धोका आहेच. कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो. दाबून धुवा, पिळू नका, सांधे फाटतात. सावलीत वाळवा.

‘पुन्हा विकत घ्यावा लागणार नाही’ : फोमचं पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विरतं. चिमटीत धरल्यावर चुरा पडला की तो फिल्टर फेकायचा. तोच चुरा पुढे इंजिनात जातो.

बसवण्याबद्दल तर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. फोमची कड कागदी फिल्टरपेक्षा मऊ किंवा पातळ असली, तर डब्याच्या झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागूनही फट राहते आणि धूळ फिल्टरला वळसा घालून जाते. आधी डबा आतून पुसा. कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, फोमवर नको. दोन थरांचा फोम असेल तर मोठ्या छिद्रांची बाजू धुळीकडे. पाचशे किलोमीटरनंतर उघडून फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडची नळी पांढऱ्या कापडाने पुसून बघा. करडा डाग आला तर तेल कमी तरी आहे किंवा कड बसलेली नाही. दोन्ही तपासेपर्यंत जुना कागदी फिल्टर परत लावा.