बोकडाच्या ‘सरकारी दरा’बद्दल खुलासा

मंडळी, सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शासनाने बोकडाचा हमीभाव ठरवला, जिवंत वजनाला किलोमागे 800 रुपये, त्याखाली विकू नका.’ असा कुठलाही दर ठरलेला नाही.

हमीभाव केंद्र सरकार जाहीर करतं तो 22 पिकांना. भात, नाचणी त्यात आहेत. शेळी, मेंढी, गाय, म्हैस नाही. जनावराचा भाव बाजारात किंवा दारात घासाघीस करूनच ठरतो.

घोळ बहुधा मटणाच्या दरामुळे झालाय. 30 किलोच्या बोकडाचं मटण साधारण 14-15 किलो पडतं, बाकी कातडी, मुंडी, पोटातलं. समजा दुकानात मटण 800 रुपये किलो आहे, तर 15 किलोचे 12,000 होतात. मेसेजच्या हिशेबाने मात्र त्याच बोकडाचे 24,000 मागायला हवेत! व्यापारी हसून पुढच्या वाडीत जाईल, आणि बोकड आपल्याच गोठ्यात चारा खात राहील. बकरी ईदच्या तोंडावर देखण्या, धडधाकट बोकडाला वजनापलीकडचा भाव मिळतो हे खरं, पण तो हौसेचा भाव, वर्षभराचा नव्हे. कोकण कन्याळ या शेळीच्या जातीचा चांगला नर पैदाशीसाठी जात असेल तर त्याचीही गोष्ट वेगळी.

विकण्याआधी काट्यावर वजन करा, दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारा. बोकडाच्या कानात 12 अंकी ओळख क्रमांकाचा टॅग नसेल तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन टॅग मारून घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.